चारही शॉकअप बदला म्हणतायत, बदलू का?

प्रश्न : कासारवडवलीला राहतो, रोज घोडबंदर रोडने माजिवड्यापर्यंत ये-जा. २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किमी झालेत. पावसाळ्यापासून पुढून डाव्या बाजूला खटखट येतेय, अगदी छोट्या खड्ड्यातसुद्धा. सर्व्हिस सेंटरवाल्याने चारही शॉकअप, त्यांना वरून गाडीला धरणारं माउंटिंग, सगळं धरून २४ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. गाडी अजून दोनच वर्षं वापरायचीय. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, जरा थांबा. खटखट आली म्हणजे शॉकअप गेलाच असं नसतं. शॉकअप संपला की गाडी वाजते कमी आणि डुलते जास्त, म्हणजे स्पीडब्रेकर उतरल्यावर एकदा दबून गप्प बसायला हवी ती दोन-तीन हेलकावे खाते, ब्रेक मारला की पुढून फारच दबते, टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागतं. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. कमी स्पीडला छोट्या खड्ड्यात येणारी खटखट बऱ्याचदा लिंक रॉडची निघते (स्टॅबिलायझरला, म्हणजे वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या दांडीला जोडणारा छोटा रॉड), नाहीतर स्टॅबिलायझर किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, आणि हे शॉकअपच्या मानाने किरकोळ खर्चाचं काम आहे. त्याच्याही आधी हवा बघा, पंपावर न विचारता ४० भरून देतात, मग घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत गाडी आपटणार नाही तर काय! ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा.

मग गाडी वर घेऊन शॉकअप स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नुसता तेलकट ओलावा, त्याला घाम म्हणू, तो चालतो. तेलाचे ओघळ शॉकअपवरून खाली आले असतील तर गेला. शंका असेल तर फडक्याने कोरडा पुसा, आठवडाभर गाडी फिरवा, परत बघा. फुकटातलं काम आहे आणि कोणी सांगत नाही.

पुढचा खरंच गळत असेल तर पुढचे दोन्ही बदला, एकच नको, गाडी एका बाजूला वेगळी वागते. पण मागचे ठीक असतील तर त्यांना हात लावू नका, इथेच तुमचे पैसे वाचतात. पुढचा स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला भाग) खोलताना मात्र माउंटिंग, बंप स्टॉप (पूर्ण दबल्यावर आपटू न देणारं रबर), डस्ट कव्हर खराब दिसले तर तेव्हाच टाका, कारण नंतर फक्त माउंटिंगसाठी परत सगळं खोलायची मजुरी द्यावी लागते, वर चाकांची अलाइनमेंट पण परत. अलाइनमेंट टाळू नका, टायर खाईल. मागचे कधी करायची वेळ आलीच तर बऱ्याच छोट्या गाड्यांत स्प्रिंग वेगळी असते, तिथे मजुरी बरीच कमी लागते, पुढच्याएवढी सांगितली तर घासाघीस करा.

रिपेअर केलेले शॉकअप स्वस्त मिळतात, पण भोक पाडून तेल भरून वेल्डिंग केलेल्या शॉकअपमध्ये आत भरलेला आधीचा गॅस कुठून येणार? नको. त्यापेक्षा नामांकित ब्रँडचे नवीन घ्या, बॉक्सवरची एमआरपी बघा, वागळे इस्टेटमधल्या दोन गॅरेजमधून भाव काढा. एस्टिमेटमध्ये जीएसटी २८ टक्के लावला असेल तर विचारा, सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवर १८ आहे. आणि आर्मचे बुश टाकले तर बोल्ट शेवटचे टाइट करताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे, लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

प्रश्न : बाइकचा पुढचा फोर्क (शॉकअप) गळतोय. अख्खा बदलायचा का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : छे, बहुतेक वेळा ऑइल सील आणि फोर्क ऑइल बदलून भागतं. दोन्ही बाजूंचं एकदमच करा, तेल मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच मापून, अंदाजाने नाही. आधी फोर्कच्या पाइपवर नख फिरवून बघा, गंजाचे बारीक खड्डे लागले तर नवीन सील पण महिन्याभरात कापलं जाईल, मग पाइपच बदलावा लागेल. तेल डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर उतरलं असेल तर बाइक आजच गॅरेजला न्या, आणि नेताना चालवत नेऊ नका.