दोघं राजी असली तरी यादी नीट कर (गोव्यातला संमतीचा घटस्फोट)

तुझा प्रश्न आधी परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. डिचोलीची मुलगी, लग्नाला सहा वर्षं, चार वर्षांची एक मुलगी, नवरा जहाजावर, आता भांडायला पण काही उरलं नाही, दोघांनाही वेगळं व्हायचंय. वकील बघितलाय, दोघांचा मिळून एकच. नेटवर १३बी (संमतीच्या घटस्फोटाचं कलम) वाचून सहा महिन्यांत सुटका होईल असा हिशोब केलायस. आणि शेवटी सहज लिहिलंयस, "प्रॉपर्टीचं काही विशेष नाही, फ्लॅट त्याच्या नावावर आहे." बाय गं, ह्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसलेय, बाकीचं सगळं वकील करेलच.

पहिलं म्हणजे ते १३बी विसर. तो हिंदू विवाह कायदा, १९५५ चा, आणि तो गोव्याला लागूच केलेला नाही. नेटवर जे सापडतं ते सगळं पुण्या-मुंबईचं, वर्षभर वेगळं राहा, मग अर्ज, मग सहा महिने थांबा, सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलं की ते सहा महिने माफ होऊ शकतात, वगैरे वगैरे. खरं आहे ते, पण आपलं नाही. आपल्याकडे १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतरही पोर्तुगीज कायदे १९६२ च्या कायद्याने तसेच चालू ठेवले, त्यामुळे लग्न, घटस्फोट आणि नवराबायकोची मालमत्ता ह्यात हिंदू, कॅथलिक, मुसलमान सगळे साधारण एकाच कायद्याखाली येतात. घटस्फोटाचा आपला कायदा ३ नोव्हेंबर १९१० चा आहे. पोर्तुगालमध्ये राजा जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हाचा! माझ्या आजीच्या जन्माआधीचा कागद, आणि माझी फाईल त्याच्यावर चालली, गंमतच आहे.

त्यात संमतीच्या घटस्फोटाला दोन अटी आहेत. लग्नाला दोन वर्षांहून जास्त झालेली पाहिजेत आणि दोघांची वयं २५ पूर्ण पाहिजेत. तुमचं दोन्ही बसतं. अर्ज दोघांचा मिळून, तुमच्या तालुक्याच्या सिव्हिल जज सिनिअर डिव्हिजनकडे. आणि वर्षाचा हिशोब बाहेरच्याच्या उलटा. तिकडे वर्ष अर्जाच्या आधी काढायचं, आपल्याकडे अर्जानंतर. म्हणजे कोर्ट आधी एक वर्षासाठी तात्पुरतं मंजूर करतं, ते वर्ष संपलं की कायमचं. मधल्या वर्षात तुमचं परत जुळलं तर प्रकरण तिथेच थांबतं, नाही जुळलं तरी तोपर्यंत तू कायद्याने लग्नाचीच बाई, दुसरं लग्न बिलग्न काही नाही. सहा महिने डोक्यातून काढून टाक. वर्ष आणि वर थोडं, असं घरी सांग, नाहीतर आई दर महिन्याला विचारत बसेल "झालं काय?" म्हणून. माझी विचारायची.

आता फ्लॅट. गोव्यात लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केला नसेल (आणि आपल्या लोकांत कोण करतो, लग्नाच्या आधी असलं बोललं तर लग्नच मोडेल) तर आपोआप कम्युनियन ऑफ ॲसेट्स लागू होतं, म्हणजे दोघांचं सगळं एकत्र आणि प्रत्येकाचा अर्धा. कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणाच्या पगारातून गेले, हे बघत नाहीत. लग्नानंतर घेतलेलंच नाही, आधीचं आणि वडिलार्जित वाट्याला आलेलं पण त्यात येतं, फक्त देणाऱ्याने मुद्दाम वेगळं लिहून ठेवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. आठवून बघ, त्याने कधी काय विकलं असेल तर तुझी सही घ्यायला आलेच असतील. ती सही उगाच नाही घेत. तर "फ्लॅट त्याच्या नावावर" म्हणजे अर्धा फ्लॅट तुझा, आणि तुझ्या वडिलांकडून तुला भाटाचा (बागायती जमिनीचा) तुकडा मिळाला असेल तर तो पण त्या हिशोबात येतो, हे पण लक्षात ठेव, एकाच बाजूने खूश होऊ नको.

म्हणून अर्जासोबत जी मालमत्तेची पूर्ण यादी लागते ना, ती ह्या सगळ्या प्रकरणाचा जीव आहे. लग्नाचा दाखला, जन्मदाखले, मुलीबद्दलचं ठरलेलं, पोटगीचं ठरलेलं, हे सगळं लागतंच, पण लोक यादीत "काही नाही" लिहून मोकळे होतात, कारण दोघांना लवकर संपवायचं असतं. मी पण तेच करणार होते. पहिल्या मसुद्यात आमच्या वकिलाने एक ओळ टाकली होती, मालमत्ता नाही, आणि मी सही करायला पेन उघडलं पण होतं. माझी मोठी जाऊ, हो, सासरचीच, तिने फोन करून सांगितलं की अगं थांब, खांडेपारचा तो प्लॉट आठव. मग मी एका दुपारी फोंड्याच्या घरी जमिनीवर बसून वही काढली आणि खोली खोली करत लिहिलं. प्लॉट, स्कूटर, पोस्टातली आरडी, लॉकरमधलं सोनं (त्यात सासूबाईंच्या पाटल्या होत्या, त्या मी वेगळ्या लिहिल्या आणि परत केल्या, त्या माझ्या नव्हत्याच), गॅस सिलिंडर, आणि शेवटी शिलाईचं पायमशीन. कोर्टात न्यायाधीश बाईंनी यादीवर बोट फिरवत फिरवत त्या मशीनवर थांबून विचारलं, "हे कोण नेणार?" तो म्हणाला, "तीच, मला काय कळतं त्यातलं." चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो, ते पण कोर्टात. ते मशीन आज माझ्याकडे आहे.

तुझ्या बाबतीत फ्लॅटवर कर्ज असणार असं मी धरून चालते. तुम्ही आपसात काय पण ठरवा, "हप्ते तो भरेल" असं अर्जात लिहा, बँकेला त्याचं काही नाही. कर्जावर तुझी सही असेल तर त्याने थकवलं की बँक तुझ्याच दारात. म्हणून आधी बँकेत जाऊन तुझं नाव कमी होतं का बघायचं, किंवा विकून कर्ज फेडून उरलेलं वाटून घ्यायचं. वाटणी अर्जातच ठरवली तर सगळ्यात स्वस्त पडतं. नाही ठरलं तर मागाहून इन्व्हेंटरी (कोर्टातून मालमत्तेची यादी आणि वाटणी) लावावी लागते, त्याचा वेगळा कायदा आहे, २०१२ चा, लागू झाला डिसेंबर २०१६ मध्ये, आणि त्यात किती तारखा जातील ते देव जाणे. आणि जमीन असेल तर कोर्टाचा हुकूम आला म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला सातबारा म्हण) आपोआप काही बदलत नाही, मामलेदाराकडे म्युटेशन (उताऱ्यावरचं नाव बदलणं) तुम्हालाच करून घ्यायचं.

मुलीचं लिहिताना "दोघांच्या सोयीने भेट" असलं गोड काही लिहू नका. आज सोय आहे, उद्या त्याचं दुसरं लग्न झालं की सोय जाते. वार लिही, तास लिही, तो जहाजावरून उतरला की किती दिवस, व्हिडिओ कॉल कधी, शाळेची फी कोण भरणार, आणि हसू नको, चवथ (गणेश चतुर्थी) लिही! आमच्यात पहिल्या वर्षी नेमकं चवथीवरनं फाटलं, मुलगा माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधायला आजोबांकडे पाहिजे की माझ्या माहेरी. मग ठरवलं की पहिला दिवस तिथे, दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे, आणि ते कागदावर नसल्यामुळे दर वर्षी परत नव्याने ठरवावं लागायचं. मुलीच्या खर्चाची रक्कम आकड्यात लिही, दर वर्षी किती वाढणार ते पण. तुला स्वतःला पोटगी नको असेल तर तुझी मर्जी, पण मुलीचा खर्च "नको" म्हणायचा हक्क तुला नाही, तो तिचा आहे.

एकच वकील चालतो का विचारलंस. चालतो, मसुदा एकाने केला तरी चालतो, आमचा पण एकच होता. पण तो वकील कोणी आणला, फी कोण देतोय, हे बघ. नवऱ्याच्या मित्राचा मित्र असेल तर वाईटच असेल असं नाही, पण सही करायच्या आधी मसुदा एकदा दुसऱ्या कोणाला तरी दाखव. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. लाजू नको, मी नंतर एका मैत्रिणीला घेऊन गेले होते, तिथल्या वकीलबाईंनी तिच्या मसुद्यातली पोटगीची ओळ दोनदा वाचायला लावली. फी वकिलाकडून आधी लिहून घे, तात्पुरत्या हुकमापर्यंतची की शेवटच्या हुकमापर्यंतची ते स्पष्ट करून. माझ्याकडून वर्षानंतर परत मागितली, आणि आधी विचारलं नव्हतं म्हणून दिली.

नवरा जहाजावर असल्याने त्याची सुट्टी बघूनच दाखल करा. आमच्या वेळी न्यायाधीशांनी दोघांना समोर उभं करून विचारलं, आधी एकत्र, मग वेगवेगळं, कोणी जबरदस्ती करतंय का, परत राहायची काही शक्यता आहे का. तिथे मुखत्यारपत्रावर भाऊ पाठवून चालेल का ते वकिलाला आत्ताच विचार, तारखेच्या आदल्या दिवशी नको. बाहेरच्या बंदरावरून मुखत्यारपत्र करायचंच झालं तर तिथल्या भारतीय वकिलातीतून करून घ्या आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प करा, बऱ्याच जणांचं तिथेच अडतं.

आणि तो मध्येच फिरला तर? मग संमतीचा राहत नाही, कारण दाखवून साक्षीपुरावे करावे लागतात, मारहाण, छळ, तीन वर्षं घर सोडून जाणं वगैरे. दोघं मर्जीने वेगळी राहत असली तर त्या कारणाला सलग दहा वर्षं लागतात. म्हणून तो राजी आहे तोपर्यंत कागद नीट करून घे, पण घाईघाईत नको.

शेवटचा हुकूम मिळाला की तिथे काम संपलं असं समजू नको. त्याची सर्टिफाइड कॉपी घेऊन सिव्हिल रजिस्ट्रारकडे जायचं, तुमच्या लग्नाच्या नोंदीच्या बाजूला घटस्फोटाची नोंद होते, आणि तशी नोंद असलेला दाखला काढून ठेवायचा. मी हे केलं नव्हतं, पाच वर्षांनी एका कामासाठी दाखला काढला तर त्यावर मी अजून त्याची बायको! एलआयसी आणि बँकेतले नॉमिनी पण तेव्हाच बदल.

हे सगळं लिहिल्यावर आता लक्षात आलं, तू म्हणालीस लग्नाचा दाखला सासरी आहे, तुझ्याकडे फक्त देवळातले फोटो आहेत. सासरी मागत बसू नको, ज्या तालुक्याला नोंद आहे तिथल्या रजिस्ट्रारकडून नवीन काढ. आणि तो काढताना एक गोष्ट बघ, पहिल्या सहीनंतर काही दिवसांनी दुसरी सही करायला परत जातात, ती तुम्ही केली होती ना? काही जोडपी पहिलीवरच थांबतात आणि त्यांना वाटतं झालं रजिस्टर. तसं असलं तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेव आणि आधी वकिलाला ते सांग.