रग्बी लीगचे प्लेयर रिटायर झाल्यावर युनियनच्या टीमचे कोच कसे काय होतात? दोन्ही वेगळे खेळ आहेत ना?

हो, खेळ वेगळेच आहेत. लीगमध्ये १३ जण, युनियनमध्ये १५, नियम वेगळे, संघटना वेगळ्या. (२०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला जी रग्बी प्रीमियर लीग झाली ती युनियनच्या सेव्हन्स (सात-सात जणांच्या) प्रकारातली, तिचा या लीगशी संबंध नाही, बऱ्याच जणांचा तिथे गोंधळ होतो.) पण लीगवाल्यांकडे एक गोष्ट तयार होती जी युनियनवाल्यांना नंतर त्यांच्याकडून शिकून घ्यावी लागली, ती म्हणजे डिफेन्स. आणि हे समजून घ्यायचं तर लीगचा प्लेयर राहून युनियनचा कोच झालेल्या शॉन एडवर्ड्सचं करिअर बघा. मी या माणसाला खूप मानतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितोय.

एडवर्ड्स विगनचा. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या मधलं हे गाव, एकेकाळी कोळशाच्या खाणी आणि कापड गिरण्यांचं. वडील जॅकी एडवर्ड्स हे वॉरिंग्टनकडून लीग खेळायचे पण मणक्याच्या दुखापतीमुळे २४ व्या वर्षीच त्यांचा खेळ संपला. पोराने १९८३ मध्ये १७ व्या वाढदिवसाला विगन क्लबशी करार केला आणि पुढच्याच वर्षी तो लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चॅलेंज कपची (लीगच्या मोठ्या नॉकआउट स्पर्धेची) फायनल खेळत होता. ती विगन हरलं. पण १९८८ ते १९९५ सलग आठ वर्षं विगनने तो कप जिंकला, आणि त्या आठही फायनलमध्ये हाफबॅक (हल्ल्याची चाल ठरवणारा प्लेयर) एडवर्ड्स होता. १९९० च्या फायनलला तर मॅच सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना त्याच्या गालाचं आणि डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं, तरी तो मैदान सोडून गेला नाही. पूर्ण करिअरमध्ये विजेत्याची ३७ मेडल्स, आजही रेकॉर्ड आहे.

आता मुख्य मुद्दा. लीगमध्ये एका टीमला सहा टॅकल मिळतात, म्हणजे बॉलवाल्याला सहा वेळा धरून पाडलं की बॉल समोरच्या टीमला जातो. टॅकल झालेला प्लेयर उठतो, बॉल पायाने मागे सारतो आणि खेळ पुढे चालू, जमिनीवर पडलेल्या बॉलसाठी झटापट जवळजवळ नाहीच. मग डिफेन्सने करायचं काय? दहा मीटर मागे पळायचं, सगळ्यांनी एका रेषेत उभं राहायचं, एकत्र पुढे यायचं, पाडायचं, परत मागे पळायचं, आणि हे ८० मिनिटं. कबड्डीत साखळीतला एक जण आधी घुसला की चढाईवाला त्याच फटीतून सुटतो ना, अगदी तसंच, एकाने घाई केली की फट पडली. त्यामुळे कोण कोणाला धरणार, कोण ओरडून सांगणार, मागे कोण राहणार याचा अभ्यास लीगमध्ये कित्येक वर्षं चालू होता. हाफबॅकला तर दोन्ही बाजू कळतात कारण समोरच्या रेषेत फट शोधणं हेच त्याचं काम.

युनियनमध्ये टॅकलनंतर बॉल हिसकावता येतो, त्यामुळे त्यांचं लक्ष स्क्रम (दोन्ही टीमचे पुढचे प्लेयर भिडून ढकलतात ते), लाइनआउट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमध्ये फेकतात ते), ढिगाऱ्यातली मारामारी याच्यावर जास्त. शिवाय १८९५ मध्ये मजुरी बुडते म्हणून खेळाडूंना भरपाई द्यावी या वादावरून उत्तरेचे क्लब फुटून निघाले, तोच पुढे लीग झाला, आणि नंतर शंभर वर्षं लीगमध्ये पैसे घेऊन खेळलेल्या माणसाला युनियनमध्ये बंदी होती. म्हणजे शिकायचं म्हटलं तरी शिकवणारा आत येऊ शकत नव्हता! १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झालं आणि १९९६ मध्ये विगन विरुद्ध बाथ अशा दोन मॅच ठेवल्या, एक लीगच्या नियमांनी, एक युनियनच्या. लीगवाली विगनने ८२-६ ने जिंकली, युनियनवाली बाथने ४४-१९ ने. दोन्ही चॅम्पियन दर्जाच्या टीम, तरी फरक बघा केवढा. मग लीगचे लोक युनियनमध्ये यायला लागले, २००३ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इंग्लंडचा डिफेन्स कोच फिल लार्डर पण लीगचाच माणूस.

एडवर्ड्स २००० मध्ये रिटायर झाला आणि २००१ मध्ये लंडनच्या वॉस्प्समध्ये कोच म्हणून आला. तिथे त्याने ब्लिट्झ डिफेन्स बसवला, म्हणजे बॉल येण्याची वाट न बघता पूर्ण रेषेने जोरात पुढे यायचं, त्यातही बाहेरच्या बाजूचा माणूस आतल्यापेक्षा पुढे, म्हणजे समोरच्याला बॉल बाहेर नेताच येत नाही. धोका असा की मागे मोकळी जागा राहते आणि कोणी चुकलं तर थेट ट्राय (बॉल समोरच्या गोल रेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण), म्हणून फिटनेस आणि एकमेकांवरचा भरवसा दोन्ही लागतात. वॉस्प्सने २००३, २००४, २००५ आणि २००८ ला इंग्लिश प्रीमियरशिप आणि २००४, २००७ ला युरोपचा हाइनकेन कप जिंकला.

मग वेल्स, आणि मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये फिजीकडून ३८-३४ ने हरून वेल्स गटातूनच बाहेर पडलं होतं. वॉरन गॅटलंड हेड कोच झाला, त्याने एडवर्ड्सला आणलं, आणि काही महिन्यांत २००८ च्या सिक्स नेशन्समध्ये (युरोपच्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा) पाचही मॅच जिंकल्या, म्हणजे ग्रँड स्लॅम, पाच मॅचमध्ये मिळून फक्त दोन ट्राय दिल्या! प्लेयर बरेचसे तेच होते हो. २०१२ आणि २०१९ ला परत ग्रँड स्लॅम.

मध्येच विगनने जाहीर केलं होतं की २०२० पासून एडवर्ड्स आमचा हेड कोच होणार. २०१९ मध्ये तो म्हणाला मी करारावर सही केलेली नाही, येत नाही. विगनचे लोक चिडले आणि त्यांचं दुःख मला समजतं, घरचा माणूस होता तो. पण कामाच्या दृष्टीने मला त्याचा निर्णय बरोबर वाटतो, कारण तो फ्रान्सला गेला आणि ज्या टीमला लोक कायम बेभरवशाची म्हणायचे तिने २०२२ मध्ये बारा वर्षांनी ग्रँड स्लॅम केला, २०२५ ला पण सिक्स नेशन्स जिंकली.

आणि हा एकटाच नाही. आयर्लंडचा हेड कोच अँडी फॅरेल, २०२३ चा ग्रँड स्लॅम जिंकणारा, तो पण विगनचा, एडवर्ड्सबरोबर एकाच टीममध्ये खेळलेला. त्यामुळे फ्रान्स-आयर्लंड मॅच बघाल तेव्हा बॉल कोणाकडे आहे ते थोडा वेळ सोडा आणि बॉल नसलेल्या टीमची रेषा बघा, ती किती लवकर उभी राहते आणि कोण आधी पुढे येतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे डोळ्यांनी दिसेल.