भूल देताना नळी घालणे अवघड गेले असेल तर?

प्रश्न : माझ्या आईच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ‘श्वासनलिकेत नळी घालायला फार त्रास झाला’ असे भूलतज्ज्ञांनी तोंडी सांगितले होते, पण आमच्याकडील कागदपत्रांत तशी नोंद नाही. आता तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. हे सांगितले तर नवे डॉक्टर शस्त्रक्रियाच नाकारतील, अशी भीती तिला वाटते. सांगावे का?

उत्तर : अवश्य सांगावे, आणि तेही शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नव्हे, तर भूलपूर्व तपासणीतच. आधी माहीत असलेल्या अडचणीची तयारी करता येते. खरा धोका अचानक समोर येणाऱ्या अडचणीत असतो.

पूर्ण भूल देताना स्नायू शिथिल करणारे औषध दिले की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. अशा वेळी नळी बसली नाही आणि मास्कनेही श्वास देता आला नाही, तर फुप्फुसांत साठलेल्या ऑक्सिजनवरच शरीराला भागवावे लागते, आणि साध्या हवेचा तो साठा मिनिट-दोन मिनिटांत संपत येतो. आधी सुमारे ३ मिनिटे घट्ट बसवलेल्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर निरोगी प्रौढाला ८ मिनिटांपर्यंत अवधी मिळू शकतो. स्थूल व्यक्तीला मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. गुदमरल्यासारखे वाटून अनेक जण तो मास्क बाजूला सारतात. आईंना त्याचे कारण आधीच समजावून ठेवावे.

नळी बसत नाही म्हणून पुन्हापुन्हा प्रयत्न केले, तर घशाला सूज येते, रक्त येते, आणि सुरुवातीला मास्कने सहज जाणारा श्वासही मग जाईनासा होतो. म्हणूनच ब्रिटनमधील डिफिकल्ट एअरवे सोसायटी या, अवघड श्वासमार्गाविषयी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन प्रयत्नांची, आणि अधिक अनुभवी डॉक्टर असल्यास त्यांच्या आणखी एका प्रयत्नाची मर्यादा घातलेली आहे. अडचण आधी कळली, तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (कॅमेऱ्याने घशाचा आतील भाग पडद्यावर दाखवणारे साधन) हाताशी ठेवता येतो, किंवा घसा बधिर करून रुग्ण जागा असतानाच लवचिक दुर्बिणीवरून नळी सरकवता येते. गुडघ्यासाठी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणे बहुधा शक्य असते, मात्र ती भूल अपुरी पडली तर काय करायचे, हे तेव्हाही आधीच ठरलेले असावे लागते.

नळी अन्ननलिकेत गेली आणि ते लक्षात आले नाही, ही सर्वांत घातक चूक होय. नळीत दिसणारी वाफ किंवा छातीत ऐकू येणारा आवाज फसवू शकतो. त्यामुळे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची लहर दाखवणारा कॅप्नोग्राफ पडद्यावर असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तो आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

आधीच्या रुग्णालयाकडून भूल-नोंदीची प्रत लेखी अर्ज करून मागवावी. हलणारा दात, कवळी, घोरणे, झोपेत श्वास अडकणे हेही आवर्जून सांगावे. या वेळी नळी घालावी लागलीच, तर कोणते साधन वापरले, किती प्रयत्न लागले आणि मास्कने श्वास देणे सोपे होते का, या तीन गोष्टी डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्याव्यात.