पुस्तकाचं काम अर्धवट आहे, इनडिझाइन (पानं लावायचं अ‍ॅडोबीचं सॉफ्टवेअर) आत्ताच अपग्रेड करू की थांबू?
हातातलं पुस्तक छपाईला जाईपर्यंत थांबा. नव्या इनडिझाइनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत थेट उघडत नाही. आयडीएमएल, म्हणजे जुन्या आवृत्तीतही उघडणारी फाइल, काढून मागे यावं लागतं, आणि त्यात मजकुराच्या ओळी सरकू शकतात. पानं लावण्याचं काम करते म्हणून सांगते, सगळी पानं पुन्हा तपासणं फार जिवावर येतं. टाइप १ या जुन्या प्रकारचे फॉन्ट वापरत असाल तर जास्तच जपा, अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा सपोर्ट बंद केला, म्हणजे नव्या आवृत्तीत ते चालत नाहीत. मात्र सहकारी आधीच नव्या आवृत्तीतल्या फाइल पाठवत असतील तर थांबू नका. तेव्हाही जुनी आवृत्ती काढून टाकू नका, दोन्ही एकाच संगणकावर चालतात.