"मला येत नाही, तूच काढ"

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडची एक आई बेळगावला माझ्याकडे आली, सोबत पाच वर्षांचा मुलगा आणि एक जाड फाईल. (त्यांना विचारून लिहितेय, थोडे तपशील बदललेत.) "ताई, ह्याला चित्रच काढायला येईना बघा. पुस्तक उघडून पुढ्यात ठेवते, बघून काढ म्हणते, तर पेन्सिल माझ्याच हातात देतंय, तूच काढ म्हणतंय." फाईलमध्ये मोर, डोंगर, घर, सगळं एकदम सुबक आणि सगळं आईच्या हातचं, शाळेत स्टार मिळावा म्हणून.

ही काळजी घेऊन कितीतरी आया येतात. मी आधी विचारलं, बटण लावता येतं का, हातानं नीट जेवतो का, चिखलात खेळतो का? सगळं जमत होतं. (त्यातही अडत असेल तर आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.) म्हणजे हाताचा प्रश्नच नव्हता. समोर छापील मोर, शेजारी रबर घेऊन बसलेली आई, मग पोरगं पेन्सिल कशाला धरेल?

मी त्याला लिओ लिओनींचं निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. १९५९ चं आहे, ट्रेनमध्ये नातवंडांना रमवायला मासिकाचे कागद फाडून त्यांनी ती गोष्ट रचली होती. पात्रं म्हणजे नुसते फाडलेले कागद, दोघं मिठी मारतात आणि हिरवे होतात. तो बराच वेळ पानावर बोट फिरवत बसला आणि म्हणाला, "हे फाडलंय की!"

मग निळा आणि पिवळा जिलेटीन पेपर दिला. एकावर एक धरून खिडकीकडे केला आणि ओरडला, "हसिरु!" हा शाळेतला कन्नड शब्द, आणि आई म्हणत होती की वर्गात तोंडच उघडत नाही. मी आईला म्हटलं, राहू दे, हिरवा का नाही म्हटलास असं विचारू नका, त्याला दोन्ही शब्द लागणारच आहेत.

नंतर जुन्या लग्नपत्रिका, पेपर आणि वाटीत पिठाची खळ. त्यानं काळा कागद फाडून चिकटवला आणि वर निळा कागद असा थापला की काळं जवळजवळ दिसेनाच. आईचा हात पुढे गेला, मी हळूच धरला. "काय केलंस रे?" "म्हैस. मलप्रभेत बसलीय." निळा कागद म्हणजे मलप्रभा नदी, आणि वर दोन काळी टोकं राहिली होती, ती शिंगं.

मी सगळ्यांना हेच सांगते, पुस्तकातलं चित्र उतरवायला देऊ नका, ते कशानं केलंय ते शोधायला द्या. फाडलंय? ठसे मारलेत? बोटानं रंगवलंय? मग तीच रीत वापरून त्याच्या मनातलं काहीही करू दे, आपण फक्त "काय चाललंय इथं?" एवढं विचारायचं आणि आपली पेन्सिल उचलायचीच नाही. पुस्तकं महाग वाटतात हे खरंय, पण प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी आणि कन्नड दोन्हीतली चित्रपुस्तकं मोबाईलवर फुकट वाचता येतात, एकच गोष्ट आज्जीनं मराठीत आणि बाबांनी कन्नडमध्ये सांगितली तरी चालतंय. शाळेच्या स्टारचं मात्र मी बाईंशी बोलायला सांगितलं, घरून सुबक चित्रं मागवणं मला अजिबात पटत नाही.

महिन्याभरानं दोघं परत आली. फाईल नव्हती, पिशवीभर कागदाचे तुकडे होते. पोरगं आत येताच म्हणालं, "खळ कुठाय?"