धातूंच्या अभिक्रिया पाठ न करता समजून कशा घ्यायच्या?

तुम्ही लिहिलंय की दहावीत अभिक्रियाशीलता श्रेणी घोकून निभावलं, पण आता अकरावी सायन्सला धातूंच्या अभिक्रियांची यादी संपतच नाही आणि एक विसरली की पुढच्या सगळ्या जातात. घोकंपट्टीशिवाय दुसरी वाट आहे का, असं विचारलंय. आहे. मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, आणि ही वाट मला वर्गाच्याही आधी आमच्या बागेत भेटली होती.

आमची तासगावकडे द्राक्षबाग. पावसाळ्यात डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून वडील बोर्डो मिश्रण करायचे. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणि एक किलो चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात भिजवायचं, लोखंडी घमेल्यात चुकूनही नाही. मिश्रण झालं की घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवायचा, थोडा वेळ धरायचा आणि काढून उन्हात बघायचा. पात्यावर तांबूस थर दिसला की वडील म्हणायचे, “इळा तांबडा झाला, अजून चुना लागतोय.” मग आणखी चुन्याची निवळी, परत विळा. पातं होतं तसंच निघालं की पंप भरायचा.

पुढे शाळेत लोखंडाचा खिळा कॉपर सल्फेटच्या द्रावणात टाकायचा प्रयोग आला, तेव्हा मला तो शिकावा लागला नाही. तो आमचा विळाच होता. मोरचुदातलं तांबं धातूच्या रूपात नसतं, त्याच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. लोखंडाची आपल्या इलेक्ट्रॉनवरची पकड तांब्यापेक्षा सैल असते. त्यामुळे लोखंड आपले इलेक्ट्रॉन तांब्याला देतं आणि स्वतः पाण्यात विरघळतं, आणि तांबं धातू होऊन त्याच जागी बसतं. चुना पुरेसा पडला की तांब्याचा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ होतो, पाण्यात मोकळं तांबं जवळजवळ उरत नाही, म्हणून विळा स्वच्छ निघतो. हेच मोकळं तांबं फवारणीत गेलं तर कोवळी पानं करपतात. माझ्या वडिलांना अभिक्रियेचं नाव माहीत नव्हतं, पण ते दर हंगामात विस्थापन अभिक्रियेने द्रावण तपासत होते.

म्हणून माझं सांगणं एकच. कोणतीही अभिक्रिया समोर आली की आधी विचारा, इलेक्ट्रॉन कोण सोडतंय आणि कोण घेतंय? श्रेणी म्हणजे याच पकडीचा क्रम आहे, वरून खाली ती घट्ट होत जाते. पोटॅशियम आणि सोडियमची पकड सगळ्यात सैल, सोन्याची सगळ्यात घट्ट.

आता हीच श्रेणी खालून वर वाचून बघा. सोनं निसर्गात धातू म्हणूनच सापडतं, म्हणून ते माणसाला फार आधी भेटलं. तांब्याचं खनिज कोळशाबरोबर तापवलं की तांबं मिळतं. लोखंडाला त्याहून जास्त उष्णता आणि कसब लागलं, म्हणून ते मागाहून आलं. जस्तही कोळशाने सुटतं, पण ते ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टीत त्याहून जास्त तापमान असतं. म्हणजे जस्त वाफ होऊन बाहेर पडतं आणि हवा लागताच परत जळून ऑक्साइड होतं. ती वाफ हवेपासून जपून थंड करायची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांनी साधली होती. ते मातीची बंद पात्रं भट्टीत उलटी लावून वाफ खाली उतरवायचे. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. श्रेणीत जस्ताच्या वरच्या पायऱ्यांवर भट्टीतला कोळसा हात टेकतो. सोडियम आणि पोटॅशियम हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये विजेने वेगळे केले. ॲल्युमिनियमची स्वस्त रीत तर १८८६ मध्ये अमेरिकेत हॉलला आणि फ्रान्समध्ये हेरूला स्वतंत्रपणे सापडली. त्याच्या दोनच वर्षं आधी वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियम बसवलं होतं, इतकी ती तेव्हा मोलाची वस्तू होती. धातुविज्ञानाचा धडा या क्रमाने वाचलात, तर कोणत्या खनिजाला कोळसा पुरतो आणि कोणाला विद्युत अपघटन लागतं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती तांब्यापाशी. तांबं श्रेणीत हायड्रोजनच्या खाली, म्हणजे विरल आम्लातून ते हायड्रोजन बाहेर काढत नाही. मग बिनकल्हईच्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक का कळकतं? तांब्याचे इलेक्ट्रॉन इथे आम्लातला हायड्रोजन घेत नाही, हवेतला ऑक्सिजन घेतो. त्यातून बनलेलं तांब्याचं संयुग ताकातल्या आम्लात विरघळतं. नायट्रिक आम्लात तांबं टाकलं तर हायड्रोजन न येता तांबूस-तपकिरी धूर का येतो, याचंही उत्तर तेच. इलेक्ट्रॉन नायट्रेट घेतं. या दोन गोष्टी पुस्तकात दोन टोकांना असतात, म्हणून दोन वेगळे अपवाद वाटतात. घेणारा कोण हे विचारलं की त्या एकाच ओळीत येऊन बसतात.

दुसरी अडचण ॲल्युमिनियमची. श्रेणीत ते जस्ताच्या आणि लोखंडाच्याही वर आहे, तरी आपण त्याच्या पातेल्यात रोज भात शिजवतो. हे मात्र स्वतः करून बघाच. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या टाकाऊ भांड्यात थोडं मोरचूद विरघळवा, शेती औषधांच्या दुकानात ते मिळतं. त्यात पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा टाका. बराच वेळ काहीच होत नाही. मग चिमूटभर मीठ टाका आणि जवळून बघा. फॉइलच्या कडेला बारीक बुडबुडे येतात, भोक पडायला लागतं, लालसर पिसासारखं तांबं तिथून सुटून खाली बसतं आणि भांडं हाताला गरम लागतं. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं, मग आतलं ॲल्युमिनियम श्रेणीत लिहिल्याप्रमाणेच वागतं. माझ्या वर्गात इतकी शांतता दुसऱ्या कोणत्याच प्रयोगाला होत नाही. मोरचूद विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, हात धुवा आणि लहान भावंडांना लांब ठेवा. आम्लांचे प्रयोग घरी नकोच, ते प्रयोगशाळेत.

जस्त चढवलेल्या पत्र्याला ओरखडा पडला तरी तो लगेच का गंजत नाही, आणि कथील चढवलेला डबा ओरखड्यापाशी भराभर का गंजतो, हे आता तुमचं तुम्ही काढा. श्रेणीत लोखंडाच्या वर कोण आणि खाली कोण, एवढंच बघायचं आहे.

काही गोष्टी पाठ कराव्याच लागतात, त्याला इलाज नाही. श्रेणीचा क्रम, जस्त आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उभयधर्मी असतात, म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी अभिक्रिया करतात हे, आणि संयुगांचे रंग. रोज पाच मिनिटं दिलीत तर पंधरा दिवसांत होतं. समीकरणं मात्र पाठ करू नका, दर वेळी वहीत नव्याने मांडा. आधी फक्त इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते लिहा, मग संतुलित करा.

फॉइलचा प्रयोग झाल्यावर उरलेलं निळं पाणी मोरीत किंवा झाडांना ओतू नका. त्यात चार-पाच घासलेले लोखंडी खिळे टाकून रात्रभर ठेवा. सकाळी निळा रंग गेलेला असेल आणि खिळ्यांवर तोच तांबडा थर दिसेल, जो वडिलांच्या विळ्यावर यायचा. निळेपणा राहिला असेल तर आणखी खिळे टाका.