वाचक विचारतात : कन्सोल, वाय-फाय अडॅप्टर आणि मध्येच अडकणारा खेळ

प्रश्न : आमच्याकडे २००८ साली घेतलेला पांढरा एक्सबॉक्स ३६० आहे. राउटर हॉलमध्ये, कन्सोल आतल्या खोलीत. संगणकाला लावतात तसा यूएसबी वाय-फाय डोंगल आणला, पण कन्सोल ढिम्म. डोंगल बिघडलेला आहे का? – सांगली

उत्तर : डोंगल ठणठणीत असणार. संगणकात डोंगल लावला की विंडोज त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) शोधून बसवते. कन्सोलमध्ये बाहेरचा ड्रायव्हर बसवायची सोयच नसते. एक्सबॉक्स ३६० यूएसबीवर फक्त मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अडॅप्टर ओळखतो. तो दोन प्रकारांत यायचा : आधीचा पांढरा, ८०२.११ ए/बी/जी या जुन्या वाय-फाय जातीचा, आणि २००९ मध्ये आलेला दोन अँटेनांचा काळा, त्यापुढच्या जास्त वेगाच्या 'एन' जातीचा. २०१० च्या 'एस' मॉडेलपासून वाय-फाय कन्सोलच्या पोटातच आलं आणि अडॅप्टरची गरज संपली. आता हे दोन्ही जुन्या बाजारातच मिळतात आणि विकणारा सांगेल तो भाव. मिळालाच तर काळा घ्या. पांढऱ्यासाठी जास्तीचा पैसा मोजू नका.

त्यापेक्षा मागचा लॅन पोर्ट वापरा. प्रत्येक ३६० ला तो आहे. क्लायंट मोड असलेला एक छोटा राउटर घ्यायचा. तो हॉलमधल्या राउटरचं वाय-फाय पकडतो आणि लॅन केबलमधून कन्सोलला देतो. कन्सोलच्या दृष्टीने ही साधी वायरची जोडणी, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूआर८०२एन हा या कामाचा नमुना : तळहाताएवढा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, एक लॅन पोर्ट, ५ व्होल्ट १ अँपिअरवर चालतो. पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, पण ३६० चा पोर्टही तेवढाच, म्हणून इथे काही वाया जात नाही. दुसऱ्या कंपनीचा घेतलात तरी चालेल. खोक्यावर 'क्लायंट मोड' हे शब्द आहेत का तेवढं दुकानातच वाचा. नुसता 'रिपीटर' लिहिलेला आणि लॅन पोर्ट नसलेला डबा उपयोगाचा नाही.

जोडणी लॅपटॉपवरून करायची. आधी मुख्य राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन तीन गोष्टी कागदावर उतरवा : नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड (लहान-मोठ्या अक्षरांसकट), राउटरचा पत्ता, आणि डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी राउटरमधली सोय) कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत पत्ते वाटतो ते. समजा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि वाटप १०० ते २०० पर्यंत आहे. आता लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा, छोटा राउटर लॅन केबलने लॅपटॉपला जोडा आणि त्याच्या तळाशी छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. पान उघडलं नाही तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.०.१० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क द्या. (छापलेला पत्ता १९२.१६८.०.१ असेल तर. नसेल तर पहिले तीन आकडे त्याप्रमाणे.)

मोड विचारला की 'क्लायंट' निवडा. शेजारीच 'हॉटस्पॉट' किंवा 'डब्ल्यूआयएसपी' असं काही दिसेल आणि त्यानेही नेट चालू होईल, म्हणून लोक तिथेच थांबतात. त्या मोडमध्ये छोटा राउटर स्वतःचं वेगळं जाळं उभं करतो आणि कन्सोल दोन राउटरांच्या आड जातो. त्याचा त्रास खेळताना कळतो. क्लायंट निवडल्यावर आसपासच्या नेटवर्कांची यादी येईल, त्यातून आपलं निवडा, सुरक्षा डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस ठेवा, पासवर्ड टाका. मग छोट्या राउटरला मुख्य राउटरच्याच घराण्यातला, पण वाटपाबाहेरचा पत्ता द्या, म्हणजे इथे १९२.१६८.१.२. त्याचा स्वतःचा डीएचसीपी बंद करा. जतन करा, पुन्हा सुरू होऊ द्या. यानंतर जुन्या पत्त्यावर पान उघडणार नाही. ते बिघडलेलं नाही, पत्ता बदलला एवढंच.

नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक याच पत्त्याची असते. छोटा राउटर कारखान्यातून १९२.१६८.०.१ घेऊन येतो, बऱ्याच घरांतला मुख्य राउटरही त्याच पत्त्यावर असतो, आणि दोघं एका जाळ्यात आले की कधी नेट येतं, कधी जातं. दोष मात्र वाय-फायच्या ताकदीला दिला जातो.

शेवटी केबल कन्सोलला लावा (कॅट ५ई पुरे, २ मीटर भरपूर), नेटवर्क सेटिंग्जमध्ये वायर्ड नेटवर्क निवडा, पत्ता आपोआप घेऊ द्या आणि एक्सबॉक्स लाइव्हची (एक्सबॉक्सच्या ऑनलाइन सेवेची) चाचणी चालवा. 'एमटीयू' (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) वर अडकलं तर राउटरमधला एमटीयू पाहा. एक्सबॉक्सला किमान १३६४ लागतो. पीपीपीओई (नेटवाल्याने दिलेलं नाव-पासवर्ड टाकून चालणाऱ्या) जोडणीत तो साधारण १४९२ असतो, त्यामुळे एवढा खाली गेला असेल तर कुणीतरी हात लावलेला आहे. आणि पैसे खर्च करण्याआधी एक खात्री करा : ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झालं. ज्या खेळांचे सर्व्हर चालू आहेत ते ऑनलाइन खेळता येतात, पण तुमचा खेळ त्यात आहे का ते आधी पाहिलेलं बरं.

प्रश्न : १०० एमबीपीएसचं नेट आहे. मोबाइलवर ९० दाखवतं, त्याच टेबलावरच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर १५. फुटबॉल खेळताना खेळाडू उड्या मारत पळतो. प्लॅन वाढवावा का? – ठाणे

उत्तर : नको. कन्सोलच्या मागचा मॉडेल क्रमांक वाचा. तो सीयूएच-१० , ११ किंवा १२ ने सुरू होत असेल तर तुमचा पीएस४ पहिल्या घडणीचा आहे आणि त्यातलं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. मोबाइल ५ गिगाहर्ट्झ पकडतो, म्हणून आकडे जुळत नाहीत. २०१६ च्या स्लिम आणि प्रो मॉडेलांत ५ गिगाहर्ट्झ आलं.

मुळात खेळाला वेग फारसा लागत नाही. बहुतेक खेळांचा खेळतानाचा डेटा १ एमबीपीएसच्याही आत असतो. लागतो तो ठरावीक तालात पोचणारा डेटा. पिंग (डेटा जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) सतत ६० मिलिसेकंद असेल तर हाताला सवय होते. २० वरून १८० वर आणि परत २० वर असं हेलकावलं की खेळाडू उड्या मारतो. हे मोजायला लॅपटॉप कन्सोलच्या जागी, २.४ च्याच नेटवर्कवर ठेवा आणि आपल्याच राउटरच्या पत्त्याला १०० वेळा पिंग करा. बहुतेक उत्तरं १ ते ५ मिलिसेकंदांत यायला हवीत. मधूनच १०० च्या वर जात असतील किंवा उत्तरं गळत असतील तर गोंधळ घरातलाच आहे. मोठा प्लॅन घेऊन तो सुटत नाही. घरात सगळं नीट आणि बाहेर बिघडतं, तरच नेटवाल्याला फोन करा.

२.४ वर गर्दी फार. सोसायटीत एका भिंतीपलीकडे दहा-बारा राउटर दिसतात. राउटरमध्ये चॅनल 'ऑटो' न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी सगळ्यात रिकामा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली की वेगाचा आकडा वाढतो आणि शेजाऱ्यांची खरखरही दुप्पट आत येते. ३ किंवा ८ सारखा मधला चॅनल घेऊन हुशारी करू नका, दोन्ही बाजूंचा त्रास होतो. मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात बडबडतो. पीएस४ चा कंट्रोलर ब्लूटूथचा, तोही इथलाच. कन्सोलला यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क लावली असेल तर तिची केबल कन्सोलपासून हातभर लांब न्या, त्या जोडणीतून २.४ च्या पट्ट्यात खरोखर गोंगाट पसरतो. आणि राउटर लोखंडी कपाटावर किंवा पाण्याच्या टाकीमागे माळ्यावर असेल तर आधी तो खाली उतरवा. कपाट आणि पाणी या दोन गोष्टींपलीकडे वाय-फाय फारसं उरत नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर वरच्या उत्तरातली युक्ती, पण ५ गिगाहर्ट्झवाल्या छोट्या राउटरने, उदाहरणार्थ टीएल-डब्ल्यूआर९०२एसी. कन्सोलमध्ये 'लॅन केबल वापरा' निवडायचं. त्याचा पोर्ट १०० एमबीपीएसचा, म्हणजे डाउनलोड ९५ च्या आसपास थांबेल. तुमच्या प्लॅनला ते पुरतं. मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंती कमी भेदतं. नऊ इंची विटांच्या दोन भिंती मध्ये असतील तर फायदा होईलच असं नाही. घरातून केबल ओढता येत असेल तर १५ मीटर कॅट ६ ला यातलं काहीच हरवत नाही. दाराच्या चौकटीच्या कडेने पट्टी मारून नेली की दिसतही नाही.

प्रश्न : अडॅप्टर लावल्यापासून नेट चालतं, पण मित्रांच्या पार्टीत (खेळतानाच्या गटगप्पांत) आवाज येत नाही. पीएस४ 'नॅट टाइप ३' दाखवतो. पोर्ट फॉरवर्ड केले (राउटरमध्ये कन्सोलसाठी दारं उघडली), तरी तेच. – कोथरूड, पुणे

उत्तर : नॅट म्हणजे घरातली सगळी यंत्रं एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवायची राउटरची पद्धत, आणि टाइप म्हणजे ती किती अडवते ते. टाइप २ आला की काम झालं, टाइप १ च्या मागे लागू नका. ३ म्हणजे समोरचा खेळाडू तुमच्यापर्यंत थेट पोचू शकत नाही. कारणं तीन, आणि तपासायची ती याच क्रमाने.

पहिलं, छोटा राउटर डब्ल्यूआयएसपी मोडमध्ये राहिलाय का पाहा. कन्सोलचा पत्ता आणि मुख्य राउटरचा पत्ता यांतले पहिले तीन आकडे वेगळे असतील तर तेच. क्लायंट मोडवर आणा.

दुसरं, मुख्य राउटरच्या 'वॅन' पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर नेटवाल्याने बसवलेला फायबरचा डबाही राउटर म्हणून चालतोय. डबा ब्रिज मोडवर (नेट नुसतं पुढे सोडणाऱ्या) टाकून घ्या, किंवा तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (फक्त वाय-फाय देणाऱ्या) न्या. दोघांपैकी एकानेच राउटरगिरी करायची.

तिसरं कारण आपल्याकडे फार दिसतं. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल तर नेट कंपनीच अनेक गिऱ्हाइकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. इथे तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, पुढचं दार तुमच्या हातात नाही. कंपनीकडे सार्वजनिक स्थिर आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा पत्ता) मागा. बऱ्याच ठिकाणी तो वेगळा आकार लावून मिळतो.

तिन्ही ठीक असतील तर राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला लागतील ते पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू करून कन्सोल आणि राउटर दोन्ही बंद-चालू करा. बहुतेकांना तेवढं पुरतं. हातानेच पोर्ट उघडायचे तर प्लेस्टेशनसाठी टीसीपी ३४७८ ते ३४८० आणि यूडीपी ३४७८, ३४७९. एक्सबॉक्ससाठी मुख्य पोर्ट ३०७४, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. इथे छोटा राउटर लावणाऱ्यांची एक खास फसगत होते. क्लायंट मोडमधला छोटा राउटर बहुधा कन्सोलचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) झाकून स्वतःचा पुढे करतो, कारण साध्या वाय-फाय जोडणीत एकाच यंत्राचा मॅक जातो. त्यामुळे मुख्य राउटरमध्ये कन्सोलच्या मॅकवर पत्ता राखून ठेवलात तर तो लागूच होत नाही आणि उघडलेला पोर्ट भलत्याच पत्त्याकडे बघत बसतो. पत्ता कन्सोलमध्येच हाताने भरा : वाटपाबाहेरचा, जसं १९२.१६८.१.५०, गेटवे आणि डीएनएस म्हणून १९२.१६८.१.१. मॅक फिल्टर (यादीतल्याच यंत्रांना आत घेणारी सोय) लावलेला असेल तर यादीत छोट्या राउटरचा मॅक घाला.

प्रश्न : 'एक्सबॉक्स वायरलेस अडॅप्टर' ऑनलाइन मागवला, कन्सोलला लावला, नेट येत नाही. – मडगाव

उत्तर : नावाने फसवलं. तो विंडोजच्या संगणकाला एक्सबॉक्सचे कंट्रोलर बिनवायरीने जोडण्यासाठी आहे, इंटरनेटशी त्याचा संबंध नाही. परतीची मुदत उरली असेल तर आजच परत करा.

प्रश्न : क्लायंट मोडवाला डबा कन्सोलच्याच यूएसबीवर चालवतो. रोज खेळ सुरू केला की पहिली दोन मिनिटं नेट नसतं आणि खेळतानाही मधूनच तुटतं. – नांदेड

उत्तर : कन्सोल बंद झाला की यूएसबीची वीज जाते, म्हणून डबा रोज नव्याने सुरू होतो, नेटवर्क शोधतो, मग जोडतो. दोन मिनिटं त्यात जातात. मधूनच तुटण्याचं कारणही तिथेच असू शकतं. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ठरलेली वीज ०.५ अँपिअर, डब्याला हवी १, आणि डेटा जोरात सुरू झाला की तो मान टाकतो. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर भिंतीला लावून त्यावर चालवा. तरीही तुटलं आणि जोडणी ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर राउटरचा चॅनल ५२ ते १४४ मध्ये आहे का पाहा. त्या पट्ट्यात रडारचा सुगावा लागला की राउटरला चॅनल सोडावा लागतो, आणि कन्सोल त्याच्यामागे पळतो. ३६ किंवा १४९ वर बांधून ठेवा. वीज वारंवार जात असेल तर मुख्य राउटरच्या छोट्या यूपीएसवर हा डबाही घ्या, नाहीतर राउटर जिवंत आणि डबा मेलेला अशी गत होते.

प्रश्न : निन्टेंडो स्विचसाठी असाच अडॅप्टर घ्यावा का? – नवी मुंबई

उत्तर : गरज नाही. स्विचमध्ये ५ गिगाहर्ट्झ आधीच आहे. केबल डॉकपर्यंत (स्विच ठेवून टीव्हीला जोडायच्या बैठकीपर्यंत) पोचत असेल तर पहिल्या डॉकला यूएसबी-लॅन अडॅप्टर लागतो. घेताना आत एसिक्सची एएक्स८८१७९ चिप आहे का ते विचारा, इतर चिप चालतील याची खात्री नसते. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला लॅन पोर्ट आहेच. पीएस५ च्या वाचकांनाही हेच उत्तर : त्यात वाय-फाय ६ आहे, बाहेरून डबा लावून ते सुधारणार नाही. राउटर जवळ आणा.